जपानीची परीक्षा कोकणातून द्यायची तर डिसेंबरची धरा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘तीन महिन्यांत एन-४, थेट जपान!’ अशा जाहिराती आता मोबाइलवर आणि एसटी स्थानकांच्या भिंतींवर सर्रास दिसतात. आयटीआय, नर्सिंग किंवा बारावी झालेली मुले-मुली त्या वाचून चौकशीला जातात, पैसे भरतात आणि परीक्षा महिन्यावर आली की त्यांची त्रेधा उडते. जपानी शिकवणारे आम्ही काही जण या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी हे पत्र लिहीत आहोत. आमचे म्हणणे असे, की कोकणात राहून जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा (एन-४ ही तिचीच एक पातळी) द्यायची असेल तर जुलैची सोडून डिसेंबरची धरावी, अभ्यास फेब्रुवारीत सुरू करावा आणि शिकताना अर्थ इंग्रजीतून न लावता मराठीतून लावावा.

मागणी खरी आहे, त्याबद्दल शंका नको. जपानने एप्रिल २०१९ मध्ये ‘विशिष्ट कुशल कामगार’ हा व्हिसा सुरू केला आणि जानेवारी २०२१ मध्ये त्यासाठी भारताशी सहकार्याचा करार केला. वृद्धसेवा, शेती, हॉटेल, खाद्यप्रक्रिया, जहाजबांधणी यांच्याबरोबर मासेमारी आणि मत्स्यशेती हेही क्षेत्र त्यात आहे, म्हणजे आपल्या किनाऱ्यावरच्या मुलांच्या हातातलेच काम. त्यासाठी त्या-त्या कामाची कौशल्य चाचणी द्यावी लागते आणि भाषेसाठी जेएलपीटीची एन-४ पातळी किंवा जेएफटी-बेसिक ही संगणकावरची परीक्षा. वृद्धसेवेला जायचे असेल तर त्या कामाच्या जपानीची आणखी एक चाचणी असते.

जेएलपीटी १९८४ पासून होते. जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ती घेतली जाते. एन-५ सर्वांत सोपी, एन-१ सर्वांत अवघड. २००९ पर्यंत चारच पातळ्या होत्या आणि आजच्या एन-४शी जुळणाऱ्या तेव्हाच्या तिसऱ्या पातळीसाठी सुमारे ३०० तासांचा अभ्यास, ३०० कांजी (चिनी लिपीतून आलेली चिन्हे) आणि १,५०० शब्द असे माप अधिकृतपणे दिलेले असे. २०१० मध्ये पाच पातळ्या झाल्या आणि शब्द-कांजींच्या अधिकृत याद्या देणे बंद झाले. तरी नियोजनासाठी तेच माप अजून उपयोगी पडते. आता ३०० तास ९० दिवसांत बसवून पाहा. एकही सुट्टी न घेता रोज तीन तास वीस मिनिटे होतात. नोकरी, कॉलेज किंवा घरची बागायत सांभाळणाऱ्याला ते झेपत नाही. ज्याच्याकडे दिवसभर वेळ आहे त्याचे व्याकरण एक वेळ होईल, पण कान तयार होत नाही. ऐकण्याची सवय तासांपेक्षा महिन्यांनी येते.

गुणांची रचना पालकांनीही समजून घ्यावी. एन-४ला एकूण १८० गुण. भाषाज्ञान आणि वाचन मिळून १२०, ऐकणे ६०. उत्तीर्ण व्हायला एकूण ९० हवेत, पण त्याबरोबर पहिल्या भागात किमान ३८ आणि ऐकण्यात किमान १९ मिळालेच पाहिजेत. एखाद्याला पहिल्या भागात ११० मिळाले आणि ऐकण्यात १८, तर एकूण १२८ होऊनही तो नापास. एन-५ला किमान तेवढेच, एकूण मात्र ८० लागतात. लिहिण्याची किंवा बोलण्याची परीक्षा नाही, सगळे पर्यायी प्रश्न. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही गोल रिकामा ठेवू नये. गुण बरोबर उत्तरांच्या नुसत्या संख्येवरून न काढता वेगळ्या मापपद्धतीने काढतात, त्यामुळे ‘इतके बरोबर आले की पास’ असा नेमका हिशेब घरी लावता येत नाही. आमच्या मते सराव परीक्षेत प्रत्येक भागात दोन-तृतीयांश उत्तरे बरोबर येईपर्यंत निर्धास्त होऊ नये.

आता डिसेंबर का. जुलैच्या परीक्षेचा शेवटचा टप्पा एप्रिल ते जून असा येतो. एप्रिल-मेमध्ये आंबा काढणे, पेट्या भरणे, लग्ने, मुंबईहून आलेली माणसे, घर भरलेले. जूनमध्ये पेरणी आणि पहिल्याच पावसात जाणारी वीज. परीक्षेचा रविवार ऐन लावणीत. केंद्र पुण्याला किंवा मुंबईला. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक तेव्हा लागू असते, गाड्या कमी वेगाने धावतात. परशुराम, कुंभार्ली, आंबा, कुठल्या घाटात कधी दरड येईल सांगता येत नाही. सकाळी पोहोचता आले नाही तर शुल्क गेले आणि पाच महिनेही गेले, कारण फेरपरीक्षा नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाऊस संपलेला असतो, भात घरात आलेले असते, गाड्या वेळेवर असतात.

१ फेब्रुवारी ते नोव्हेंबरअखेर सुमारे ४३ आठवडे मिळतात. त्यातून शिमग्याचा एक, मे महिन्यातले दोन, गणपतीचे दोन आणि कापणी-दिवाळीचे दोन असे सात आठवडे आधीच वजा करावेत. गणपतीत अभ्यास होणार नाही हे नियोजनात मान्य केले की नंतर अपराधी वाटून सगळेच सोडून देण्याची वेळ येत नाही. उरले ३६. आठवड्याला सहा दिवस, रोज दीड तास, म्हणजे नऊ तास. एकूण ३२४. एवढे पुरतात.

रोजच्या दीड तासाची आमची विभागणी ठरलेली आहे. आधी २० मिनिटे जुन्या शब्दांची उजळणी, मग ४५ मिनिटे नवा धडा, शेवटी २५ मिनिटे ऐकणे. ऐकणे कधीही टाळायचे नाही. वेळ कमी असेल त्या दिवशी धडा सोडावा.

फेब्रुवारी पूर्ण लिपींना द्यावा. हिरागाना आणि काताकाना, प्रत्येकी ४६ मूळ अक्षरे, शिवाय टिंब-रेघांनी आणि जोडून होणारे उच्चार. हिरागाना दोन आठवड्यांत होते. काताकानाकडे दुर्लक्ष होते आणि पुढे वर्षभर तेच नडते, कारण परकीय शब्द सगळे त्यात लिहिलेले असतात आणि प्रश्नपत्रिकेत ते भरपूर येतात. काताकानातले ‘शि’ आणि ‘त्सु’, ‘सो’ आणि ‘न’ या जोड्या नुसत्या पाहून लक्षात राहत नाहीत. रेघ कुठून कुठे ओढायची तो क्रम हाताने गिरवला की फरक कळतो. महिना संपला की रोमन अक्षरे पूर्ण बंद करावीत. आणि देवनागरीही. देवनागरीत जपानी टिपण लिहिणारी मुले पुष्कळ आहेत. उच्चार जवळचा वाटतो म्हणून ती लिहितात, पण आपल्या ‘ओ’ला ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही, जपानीत आहे. ‘कोको’ म्हणजे इथे, ‘कोओकोओ’ म्हणजे हायस्कूल. वहीत दोन्ही एकसारखे लिहिले गेले की कानही ते एकच ऐकू लागतो. ‘बिरु’ इमारत आणि ‘बीरु’ बिअर यांच्या बाबतीत तर देवनागरीत फरक दाखवता येऊनही आपण बोलताना तो पाळत नाही. ‘त्सु’ मात्र मराठी मुलांना सहज येतो, ‘चमचा’तल्या ‘च’चा तो शेजारी आहे.

मार्चपासून धडे. प्रचलित पाठ्यपुस्तकांत पहिले २५ धडे एन-५चे आणि पुढचे २५ एन-४चे अशी मांडणी असते. आठवड्याला दोन धडे घेतले तर पहिला भाग जूनच्या मध्यावर आणि दुसरा सप्टेंबरअखेर संपतो. मार्च ते ऑक्टोबरचे कामाचे आठवडे २८ धरले, तर आठवड्याला ५५ शब्द आणि ११ कांजी. रोज नऊ शब्द आणि दोन कांजी, याहून जास्त नाही. हुरूप आला म्हणून एका दिवशी ४० शब्द घेणारा विद्यार्थी तीन आठवड्यांत उजळणीच्या ढिगाखाली दबतो. अंतराअंतराने उजळणी करून घेणारे ‘अँकी’सारखे ॲप अँड्रॉइड मोबाइलवर फुकट मिळते आणि इंटरनेट नसतानाही चालते. वीज आणि नेटवर्क दोन्ही गेल्यावर हेच कामी येते. त्यात रोजच्या नव्या पत्त्यांची (शब्दांच्या कार्डांची) मर्यादा नऊवर ठेवावी आणि गणपतीच्या आठ दिवस आधी ती शून्य करावी. सणात फक्त उजळणीची १५ मिनिटे, आरतीनंतर किंवा पहाटे. तेवढेही केले नाही तर परतल्यावर पाच-सहाशे पत्ते समोर उभे राहतात आणि बहुतेकांचा अभ्यास नेमका तिथे थांबतो.

कांजीचे सुटे वाचन पाठ करू नये. एकाच चिन्हाचे ‘सेन्सेइ’मध्ये ‘सेइ’, ‘इकिरु’मध्ये ‘इ’ आणि ‘उमारेरु’मध्ये ‘उ’ असे वाचन होते. चिन्ह शब्दासकट शिकले तरच ते ओळखता येते. परीक्षेत कांजी लिहायचे नसते, तरी पहिले शंभर गणिताच्या चौकोनी वहीत हाताने लिहावेत. पाणी, झाड, माणूस हे घटक डोळ्यांत बसले की पुढच्या दोनशेंना लिहिण्याची फारशी गरज उरत नाही.

पहिल्या २५ धड्यांच्या मध्यावर क्रियापदाचे ‘ते’-रूप येते. मुले सोडतात ती बहुधा इथेच. काकु–काइते (लिहिणे–लिहून), योमु–योन्दे, काउ–कात्ते, हानासु–हानाशिते, आणि अपवाद इकु–इत्ते. ‘काएरु’ (परतणे) दिसते एका गटातले, चालते दुसऱ्या गटाप्रमाणे, म्हणून काएत्ते. या रूपांना पूर्ण आठवडा द्यावा, त्या आठवड्यात नवा धडा घेऊ नये. मोठ्याने म्हणून तोंडात बसवावीत, तक्ता पाहून नव्हे. पुढच्या व्याकरणाचा मोठा भाग याच रूपावर उभा आहे.

आणि नेमके इथेच मराठी मुलांच्या हाती मोठे भांडवल आहे, ते वापरले जात नाही याचे आम्हाला फार वाईट वाटते. ‘ते’-रूप म्हणजे आपले ‘-ऊन’. ताबेते मिरु, खाऊन पाहणे. काइते ओकु, लिहून ठेवणे. वासुरेते शिमाउ, विसरून जाणे. मोत्ते कुरु, घेऊन येणे. इंग्रजीत यातल्या प्रत्येकासाठी वेगळे स्पष्टीकरण पाठ करावे लागते, मराठीत ती रचना आधीच आपल्या तोंडात आहे. ‘किनोओ इचिबा दे कात्ता साकाना’ याचा मराठी अर्थ त्याच क्रमाने लागतो: काल बाजारात घेतलेला मासा. एकही शब्द जागचा हलवावा लागत नाही. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे, विशेषण-वाक्य नामाच्या आधी. पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे यांसारख्या जोड्या जपानीतही आहेत, ओचिरु-ओतोसु, किरेरु-किरु, आणि एन-४मध्ये त्यांवर हटकून प्रश्न येतो. ‘मला चालवत नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा जे रूप वापरतो, तसेच शक्यतेचे रूप जपानी क्रियापदाला आहे. तरीही मुले इंग्रजी अर्थाची पुस्तके घेतात, जपानीचे इंग्रजी करतात, त्याचे मनात मराठी करतात, म्हणजे वाक्य दोनदा उलटे फिरवतात. तारांकित जागेवर कोणता शब्द येईल ते विचारणारा वाक्यरचनेचा प्रश्न त्यांना विनाकारण अवघड जातो. शब्दांचे अर्थ आणि नमुना वाक्ये वहीत मराठीत लिहावीत. इंग्रजी कच्चे आहे म्हणून जपानी जमणार नाही, असे कुणीही मनात आणू नये.

मराठी दगा देते ती ठिकाणेही सांगायला हवीत. ‘घरात आहे’ आणि ‘घरात जेवतो’ दोन्हींना आपला एकच ‘-त’; जपानीत असण्याला ‘नि’, काही करण्याला ‘दे’. ‘आहे’ हे आपण माणसालाही म्हणतो आणि खुर्चीलाही. तिथे माणसा-प्राण्यांना ‘इरु’, झाडांना आणि वस्तूंना ‘आरु’. आपल्याला ‘देणे’ एकच. तिथे मी दिले तर ‘आगेरु’, मला दिले तर ‘कुरेरु’. जपानी विशेषण स्वतः काळ बदलते: चविष्ट होते म्हणजे ‘ओइशिकात्ता’, ‘ओइशिइ देशिता’ नव्हे. या चार गोष्टी वेगळ्या पानावर लिहून दर रविवारी त्यांवर दहा-दहा वाक्ये करावीत.

ऐकण्याची ध्वनिफीत परीक्षेत एकदाच वाजते. एन-४मध्ये ३५ मिनिटांत चार प्रकार असतात. शेवटच्या दोन प्रकारांत पर्याय छापलेलेच नसतात, तीन पर्याय ऐकून लगेच आकडा निवडायचा. एका प्रश्नावर अडून राहिले की पुढचे दोन जातात. म्हणून सुटलेल्या प्रश्नाला कोणताही एक गोल करून सोडून देण्याचीसुद्धा सवय लावावी लागते. घरी करायची पद्धत अशी: तुकडा एकदा ऐकून उत्तर लिहावे, दुसऱ्यांदा ऐकून ते तपासावे, मग लिखित संवाद वाचावा, मग ध्वनीबरोबर स्वतः मोठ्याने बोलावे. दुसऱ्या दिवशी तोच तुकडा न वाचता पुन्हा ऐकावा. इयरफोन फक्त पहिले दोन महिने. परीक्षागृहात आवाज स्पीकरवरून येतो, खोली घुमते, पंखे चालू असतात. पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस वाजत असताना छोट्या स्पीकरवर ऐकण्याचा सराव केला तर डिसेंबरमधली खोली शांतच वाटेल.

नोव्हेंबरमध्ये नवे काही शिकू नये. परीक्षेच्या अधिकृत संकेतस्थळावर २०१२ आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेले दोन सराव संच आवाजासह मोफत आहेत. प्रत्यक्ष परीक्षांतले प्रश्न त्यांत असल्याने तोवर ते उघडूही नयेत. पहिल्या आठवड्यात एक आणि तिसऱ्या आठवड्यात दुसरा, घड्याळ लावून: शब्द-कांजी २५ मिनिटे, व्याकरण-वाचन ५५, ऐकणे ३५. मधल्या भागात बहुतेकांचा वेळ व्याकरणावर जातो आणि वाचनाचे उतारे तसेच राहतात. व्याकरणाला २० मिनिटे, वाचनाला ३०, उत्तरपत्रिका तपासायला पाच, अशी कडक वाटणी ठेवावी. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहावे: शब्द माहीत नव्हता, घाई झाली, ऐकू आले नाही, वेळ संपला. शेवटचे दोन आठवडे ज्या कारणाची संख्या जास्त, त्यावर खर्च करावेत.

एन-५ आधी द्यावी का, असे पालक विचारतात. लक्ष्य एन-४ असेल तर आमचे उत्तर ‘गरज नाही’ असे आहे. जूनमध्ये घरीच एन-५चा संच सोडवून पाहिला तरी पाया कळतो, आणि पावसातला प्रवास व शुल्क वाचते. ज्यांचे काम जेएफटी-बेसिकने भागते त्यांना ती वर्षातून अनेकदा देता येते. २५०पैकी २०० गुण लागतात आणि ती संगणकावर असल्याने माउस-हेडफोनचा सराव हवा. अभ्यासक्रम बराचसा सारखाच असल्याने वरची आखणी तिलाही चालते.

डिसेंबरचे अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरले जातात, म्हणजे गणपतीच्या तोंडावर. ‘चवथ झाल्यावर भरू’ म्हणणाऱ्यांच्या हातून मुदत निसटते, आणि केंद्रांवर जागाही मर्यादित असतात. नावाचे स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच द्यावे. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते, तेव्हा ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच शुक्रवार रात्रीचे किंवा शनिवारचे तिकीट काढावे, प्रवेशपत्राची वाट पाहू नये. बरोबर एचबी पेन्सिली, खोडरबर, मूळ ओळखपत्र आणि आवाज न करणारे साधे मनगटी घड्याळ. फोन पूर्ण बंद. परीक्षेत तो वाजला तर बाहेर काढले जाते.

आपल्या दैनिकाला आणि वाचकांना दोन विनंत्या आहेत. अर्जाच्या तारखा जाहीर होताच त्या जिल्हा पानावर ठळक छापाव्यात. आणि रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, अलिबाग येथील महाविद्यालयांनी व सार्वजनिक ग्रंथालयांनी नोव्हेंबरमधल्या दोन रविवारी एक खोली, एक स्पीकर आणि भिंतीवर घड्याळ एवढे उपलब्ध करून द्यावे. एन-४ची पूर्ण सराव परीक्षा ११५ मिनिटांची असते, मधल्या सुट्ट्या धरून तीन तास पुरतील. शिकवणारी माणसे येतील, प्रश्नसंच फुकट आहेत.

आपले,
जपानी भाषेचे काही शिक्षक
चिपळूण, जि. रत्नागिरी